शेजारची 'रिकामी' इमारत: तक्रार नक्की कुणाकडे करायची?

गल्लीबोळ | १ जुलै, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

आम्ही गिरगावात राहतो, ठाकुरद्वारच्या अंगाला. आमच्या चाळीला लागून तळमजला अधिक तीन मजल्यांची जुनी इमारत आहे, मध्ये फक्त घरगल्ली. सहा-सात वर्षांपूर्वी पुनर्विकास होणार म्हणून बिऱ्हाडं गेली. विकासकाने पाटी ठोकली, एका बाजूच्या गॅलऱ्या आणि कौलं उतरवली आणि मग तो जो गेला तो गेला. पाटीवरचं टॉवरचं चित्र उन्हाने इतकं उडालंय की आता त्यावर नुसतं निळं आकाश राहिलंय.

भिंतीतून पिंपळ आलाय, आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून हात लांब केला तर पान तोडता येतं. इमारतीच्या आतल्या चौकात पाणी साचलेलं. डास, घुशी, कबुतरं सगळं आहे. रात्री तळमजल्याच्या बंद गाळ्यासमोर गर्दुल्ले बसतात. गेल्या आठवड्यातल्या पावसात छज्जाचा तुकडा रस्त्याच्या बाजूला कोसळला. खाली लावलेल्या स्कूटरची सीट फाटली. दहा मिनिटं आधी तिथेच शाळेच्या बसची वाट बघत पोरं उभी होती.

एका कार्यालयात अर्ज दिला, उत्तर आलं: 'सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही.' दुसऱ्या कार्यालयात गेलो तर ते म्हणाले, आधी पहिल्याकडून तसं लिहून आणा. यातून कोणी गेलंय का? काय केलंत?

---

सोनसळी | १ जुलै, रात्री ११.३४

वाचते आहे. आमच्या दादरलाही अशीच एक आहे.

---

फटाकडी | १ जुलै, रात्री ११.५२

फोटो काढा, आयुक्त, आमदार, खासदार सगळ्यांना टॅग करा. दुसऱ्या दिवशी माणूस दारात. स्वानुभव.

---

वडापाव_विदाउट_चटणी | २ जुलै, सकाळी ७.०५

@फटाकडी, येतो ना माणूस. येतो, फोटो काढतो, 'कार्यवाही सुरू' लिहितो आणि जातो. खड्ड्याला ते चालतं. खड्डा कुणाचा ते तरी ठाऊक असतं.

---

टेकू | २ जुलै, सकाळी ९.२०

मी निवृत्त स्ट्रक्चरल अभियंता. हयात जुन्या इमारतींना टेकू लावण्यात गेली म्हणून हे नाव. थोडं लांबेल.

गल्लीबोळ, तुमचा पहिला अर्ज कुठे चुकला ते सांगतो. तुम्ही 'इमारत धोकादायक आहे' असं लिहिलं असणार. त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा होता: इमारत उपकरप्राप्त आहे की नाही?

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, म्हणजे शहर भागात, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या खाजगी भाडेकरू इमारतींवर दुरुस्ती उपकर बसतो. त्या पैशांतून अशा इमारतींची दुरुस्ती करायला १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ निघालं, ते आज म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, भाग आहे. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, तिथून १९५० अखेरपर्यंतच्या 'ब', पुढच्या 'क'. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. काही पडल्या, काही पाडून नव्या झाल्या, तरी अजून हजारोंनी उभ्या आहेत. गिरगावातली लाकडी जिन्याची, सागवानी खांबांची इमारत म्हणजे बहुतेक 'अ' वर्गच. तिची मोडतोड, टेकू, दुरुस्ती, धोकादायक ठरवणं हे मंडळाच्या विभागीय कार्यालयाचं काम.

उपकर नसेल, म्हणजे उपनगरातली असेल किंवा मालकी हक्काची सोसायटी असेल, तर महापालिका. १८८८ च्या महापालिका कायद्यात कलम ३५३-ब आहे, ३० वर्षांवरच्या इमारतीने नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घ्यायची. कलम ३५४ म्हणजे धोकादायक इमारतीची नोटीस. तपासणीनंतर इमारतीला वर्ग मिळतो: सी-१ ही रिकामी करून पाडायची, सी-२ ए मध्ये मोठी दुरुस्ती आणि गरजेप्रमाणे काही भाग रिकामा, सी-२ बी मध्ये माणसं आत ठेवून दुरुस्ती, सी-३ किरकोळ. मालकाचा अभियंता सी-१ म्हणतो आणि भाडेकरूंचा सी-२, असं हमखास होतं. मग प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं.

उपकर आहे का हे मालमत्ता कराच्या बिलावर कळतं. बिल तुमच्या हाती नसणार, तर त्या इमारतीतल्या जुन्या भाडेकरूला विचारा, तिथल्यांना आपला वर्ग पाठ असतो.

---

सोनसळी | २ जुलै, सकाळी ९.४१

टेकूकाका, म्हणजे डासांचं पण म्हाडाला सांगायचं?

---

टेकू | २ जुलै, सकाळी १०.०२

नाही हो. डास हे डास, डेब्रिज हे डेब्रिज. उपकर असो नसो, चौकातलं पाणी, घरगल्लीतली घाण, फूटपाथवर पडलेला राडारोडा हे महापालिकेचंच. झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, १९७५ चा झाडांचा कायदा आहे. गर्दुल्ले पोलिसांचे. एकच पत्र दहा ठिकाणी पाठवलंत तर दहाही जण एकमेकांकडे बोट दाखवतील. दहा वेगळी पत्रं लिहा, प्रत्येकात एकच गोष्ट.

आणि उद्या पुन्हा काही पडलं तर पत्र-बित्र नंतर. आधी १९१६ लावायचा, आपत्कालीन विभाग तिथेच लागतो.

---

कोपऱ्यावरची | २ जुलै, दुपारी १.१५

काकांना दुजोरा. आमच्याकडे अर्धवट बांधलेल्या टॉवरच्या तळघरात पाणी होतं. चार वर्षं आम्ही 'बेकायदा, रखडलेलं, धोकादायक' असं काय काय लिहीत होतो. शेवटी माझ्या सासूबाईंनी एक ओळीचा अर्ज दिला: 'तळघरात पाणी साचले असून डासांच्या अळ्या दिसतात.' कीटकनाशक विभागाचा माणूस तिसऱ्या दिवशी हजर. पाण्यात तेल टाकलं आणि कलम ३८१-ब खाली नोटीस गेली. इतकी वर्षं सापडत नसलेला विकासक त्या नोटिशीला उत्तर द्यायला बरोबर सापडला.

सासूबाई तेव्हापासून सोसायटीच्या सचिव आहेत. आम्ही घाबरून असतो.

---

गल्लीबोळ | ३ जुलै, रात्री १०.४८

सर्वांचे आभार. समोरच्या पानवाल्याकडून कळलं, इमारत 'अ' वर्ग उपकरप्राप्तच आहे. म्हणजे पहिलं कार्यालय (महापालिकेचं) बरोबर होतं, पत्ता माझाच चुकला. आता मालक कोण ते कसं शोधायचं? पाटीवर विकासकाचं नाव आहे, पण फोन बंद.

---

सातबारा | ३ जुलै, रात्री ११.२०

शहरात सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं. जागेचा सी.एस. क्रमांक (भूमापन क्रमांक) मिळाला की भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावर पत्रक पाहता येतं. त्यावर मालकाचं नाव असेल, पण बऱ्याचदा ते १९५० च्या आसपास वारलेल्या गृहस्थांचं असतं, वारस चढवलेलेच नसतात. काही ठिकाणी नाव शत्रू संपत्तीच्या अभिरक्षकाचं निघतं, मूळ मालक पाकिस्तानात गेलेले. तसं असेल तर १९६८ चा कायदा लागतो आणि गाठ थेट केंद्र सरकारशी.

विकासकाला नेमकी कसली परवानगी मिळाली होती, रद्द झाली का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. प्रश्न तीनच विचारा. वीस विचारलेत तर उत्तर येतं 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.'

---

अर्धा_वाटा | ४ जुलै, सकाळी ८.३०

मालकाला शिव्या पडण्याआधी बोलून घेतो, मी मालकाचा नातू आहे. (तुमच्या इमारतीचा नव्हे, दुसऱ्या एका.)

१९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठवली. १९९९ चा कायदा आला त्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली. ६० रुपयांवर ४ टक्के म्हणजे २ रुपये ४० पैसे. यात जिन्याची एक पायरी बदलून होत नाही. आम्ही अकरा वारस आहोत. दोघे अमेरिकेत, दोघे एकमेकांवर कोर्टात, एका काकांना इमारत विकायचीच नाही कारण तिथे त्यांची मुंज झाली. रंग द्यायचा म्हटलं तरी अकरा सह्या. इमारत अशी पडीक होते. खलनायक वगैरे कोणी नसतो.

---

पागडीवाली | ४ जुलै, सकाळी ९.०५

अरेरे. आणि खोली दुसऱ्याच्या नावावर करताना मालक जो तिसरा हिस्सा खिशात घालतो तो कुठल्या ६० रुपयांत बसतो? माझ्या वडिलांनी पागडी देऊन खोली घेतली, त्या काळात तेवढ्यात डोंबिवलीला घर झालं असतं. उपकर आम्ही भरतो, जिन्याचा बल्ब आम्ही लावतो, गच्चीवर ताडपत्री आम्ही घालतो. मालकांचं दर्शन पुनर्विकासाच्या वेळी, पेढे घेऊन.

---

अर्धा_वाटा | ४ जुलै, सकाळी ९.१२

पेढे तरी आणतो.

---

संपादक | ४ जुलै, सकाळी १०.००

मालक विरुद्ध भाडेकरू यावर चारशे प्रतिसादांचा स्वतंत्र धागा आहे. कृपया तिथे. इथे फाटे नकोत.

---

पोफळी | ४ जुलै, रात्री ९.३७

खूप विचार करून लिहिते आहे.

गल्लीबोळ, पिंपळ आणि निळ्या आकाशाची पाटी यावरून इमारत ओळखली. ती रिकामी नाही. दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला माझी आत्या राहते, वय ७८. तिच्या खोलीचा दिवा रस्त्यावरून दिसत नाही, खिडकी चौकात उघडते. पलीकडच्या दोन खोल्यांत इस्त्रीचं काम करणारं एक कुटुंब आहे, त्यांची मुलगी नववीत आहे. गर्दुल्ल्यांमुळे ती क्लासहून आली की आत्या जिन्यात बॅटरी घेऊन उभी राहते.

आत्या का जात नाही? जे गेले त्यांना विकासकाने सुरुवातीला बाहेर राहायचं भाडं दिलं, दीड वर्षाने थांबवलं. आता कोणी विरारला आहे, कोणी गावी राजापूरला. आणि आमच्या घरात आधीची गोष्ट आहे. काकांची इमारत १९९३ साली खाली केली, 'तात्पुरतं' म्हणून संक्रमण शिबिरात गेले. तेव्हा चुलतभाऊ चौथीत होता. यंदा त्याची मुलगी दहावीला आहे, पत्ता तोच. आत्याने हे सगळं पाहिलंय.

छज्जा पडला हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण तुम्ही 'रिकामी, पडीक, धोकादायक' असं लिहून दिलंत तर काय होईल? आधी पाणी आणि वीज जाईल. माणसं जातील. पिंपळ तिथेच राहील.

---

फटाकडी | ४ जुलै, रात्री १०.०१

तुमच्या आत्यांबद्दल पूर्ण आदर. पण पडली तर? ३१ ऑगस्ट २०१७, भेंडीबाजारची हुसैनी इमारत, ३३ माणसं गेली. तीही पुनर्विकासातलीच होती, बरेच लोक आधी हलवले होते, राहिलेले गेले. डॉकयार्ड रोड, २०१३, ६१ माणसं, आणि तिथे मालक दुसरा-तिसरा कोणी नव्हता, खुद्द महापालिका होती. माया करून छत धरून ठेवता येत नाही.

---

पोफळी | ४ जुलै, रात्री १०.१५

पाऊस लागला की मी रात्री दोनला तिला फोन करते. मला आकडे सांगू नका.

---

गल्लीबोळ | ४ जुलै, रात्री ११.५५

मी आत्ता घरगल्लीत उतरून बघून आलो. मागच्या खिडकीत पिवळा दिवा आहे. सात वर्षं मी इथे राहतो. मला खरंच माहीत नव्हतं.

---

टेकू | ५ जुलै, सकाळी ६.५०

पोफळीताई, तुमची भीती रास्त आहे. फटाकडींचं म्हणणंही चूक नाही. पण यात एक पायरी राहून जाते, माणसं राहून होणारी दुरुस्ती. मंडळाला पत्र जाऊ दे, पण ते शेजाऱ्यांनी आणि आत्यांनी मिळून लिहिलेलं. 'दुसऱ्या मजल्यावर दोन भाडेकरू कुटुंबे राहत आहेत. दर्शनी भागाचा छज्जा सैल झाला आहे. तातडीने टेकू व संरक्षक जाळी द्यावी आणि इमारतीची पाहणी करावी.' आत राहणाऱ्याची सही असली की कागदावर इमारत रिकामी होत नाही. नाहीतर तुम्ही म्हणता तेच होतं.

पाहणीत खरोखर वाईट निघालं तर मात्र हट्ट धरू नका. तुळईचं टोक भिंतीत कुजलं असेल तर बाहेरून कळत नाही, मी तशा तुळया बोटाने उकरल्या आहेत. पण निघताना रिकाम्या हाताने निघायचं नाही. आधी खोलीचं क्षेत्रफळ मोजून लेखी घ्यायचं, भाडेकरूंच्या यादीत नाव पक्कं करायचं. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली होतो, त्यात भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं. भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड जपा. संक्रमण शिबिरातल्या अनेकांचं घोडं अडलंय ते कागदांपाशी.

---

सातबारा | ५ जुलै, सकाळी ९.३३

म्हाडा कायद्यात ७९-अ आलंय तेही इथे नोंदवतो. धोकादायक ठरलेल्या उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने. त्याने नाही दिला तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने, त्यांना ५१ टक्के संमती गोळा करावी लागते. तेही जमलं नाही तर म्हाडा स्वतः जागा संपादित करून बांधणार.

---

अर्धा_वाटा | ५ जुलै, सकाळी १०.१०

कागदावर. या नोटिसा ज्या पद्धतीने दिल्या त्यावर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढलेत. इमारत खरोखर धोकादायक आहे का ते नीट न ठरवता नोटीस कशी, हा त्यातला मुद्दा होता. त्यामुळे ७९-अ ची नोटीस आली म्हणजे घर आलं असं धरू नका.

---

पागडीवाली | ५ जुलै, सकाळी १०.४०

अर्धा_वाटा यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा सहमत.

---

जुनी_मुंबई | ५ जुलै, दुपारी २.२५

अवांतर: काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन आठवली. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची, मूळचं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती तिथे दाखवल्या गेल्या, भारतातला पहिला चित्रपटाचा खेळ. २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. आत वकिलांची ऑफिसं, झेरॉक्सवाले, सगळे गेले. वारसा इमारतीची ही गत, तर गिरगावातल्या बिननावाच्या चाळीचं काय घेऊन बसलात.

---

वडापाव_विदाउट_चटणी | ५ जुलै, दुपारी २.४४

डोंगरीची केसरबाई इमारत आठवा त्यापेक्षा. १६ जुलै २०१९ ला कोसळली. ढिगारा उपसायचं काम चालू असतानाच वाद सुरू झाला की पडलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा की मागचं अनधिकृत बांधकाम. टेकूकाकांचा पहिला प्रश्न तिथे पडल्यानंतर विचारला गेला.

---

गल्लीबोळ | ६ ऑगस्ट, रात्री १०.२०

धागा वर आणतोय, महिन्याभरातलं सांगतो.

रविवारी पोफळीताई आल्या, आम्ही दोघे वर गेलो. जिन्याला तिसऱ्या पायरीनंतर कठडा नाही, भिंतीला हात लावत जायचं. आत्यांनी चहा केला. खोली इतकी स्वच्छ की मलाच पाय पुसून आत जावंसं वाटलं. त्यांनी मला पहिलं विचारलं, "त्या स्कूटरवाल्याची सीट कोणी भरून दिली का?" कोणी नाही म्हटल्यावर बराच वेळ चुकचुकल्या.

पत्र टेकूकाकांच्या मजकुराप्रमाणे लिहिलं. सह्या आत्यांची, इस्त्रीवाल्यांची आणि आमच्या चाळीतल्या बावीस जणांच्या. डासांचं, घरगल्लीचं आणि राडारोड्याचं वेगळं. डासांचा माणूस चौथ्या दिवशी आला. घरगल्ली साफ झाली, तीन गोण्या निघाल्या, त्यात आमच्या चाळीतून टाकलेलाच कचरा जास्त होता हे इथे कबूल करतो. मंडळाचे अभियंते येऊन पाहणी करून गेले, दर्शनी बाजूला बल्ल्यांचे टेकू लागले, खाली जाळी बांधली. अहवाल यायचाय.

पोलिसांची गाडी दोन रात्री फिरली, मग नाही. इस्त्रीवाल्यांच्या मुलीसाठी आम्ही आमच्या मीटरवरून जिन्यात दिवा ओढून दिलाय. नियमात बसतं का ते कृपया कोणी सांगू नये.

पिंपळ परवानगी घेऊन छाटला. मुळं भिंतीत आहेत, ओढली तर भिंतच येईल म्हणाले. कालच दोन तांबूस पानं दिसली.

---

टेकू | ६ ऑगस्ट, रात्री १०.५८

छाटून भागत नाही, मूळ मारायला औषध लावावं लागतं आणि तेही भिंत धरून काम करणाऱ्याने. अहवालात त्याचा उल्लेख येतो का पाहा. टेकूंखाली लाकडी पाट दिलाय ना? मातीवर नुसती बल्ली उभी केली असेल तर पावसात खचते. उद्या फोटो टाका.

---

पोफळी | ७ ऑगस्ट, सकाळी ८.१५

काका, पाट आहे, फोटो दुपारी टाकते. एक विचारायचं होतं. आत्याच्या पत्र्याच्या डब्यात १९६४ पासूनच्या भाडेपावत्या निघाल्या. पण १९८४ ते ८७ च्या नाहीत. तेव्हा मालकाने भाडं घेणंच बंद केलं होतं. आतोबा दर महिन्याला मनिऑर्डर करायचे आणि ती परत यायची. त्या परत आलेल्या मनिऑर्डरींचे कागद तेवढे आहेत, 'घेण्यास नकार' असा शेरा असलेले. ते चालतील का?

---

टेकू | ७ ऑगस्ट, सकाळी ८.२२

वकिलाला दाखवा, पण फेकू तर अजिबात नका. भाडं देऊ केलं होतं आणि मालकाने नाकारलं, याचा तोच पुरावा. दोन-दोन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद त्या इमारतीत ठेवू नका.